फोनच्या पलीकडची धाप

मार्च २०२० मध्ये कुणालाही फोन लावला, की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी कुणीतरी खोकायचं. कोरड्या खोकल्याची एक उबळ, आणि मग हात धुण्याची, अंतर राखण्याची सूचना. देशभर वाजलेली ती कॉलर ट्यून लोकांना इतकी नकोशी झाली, की पुढे तिच्यातला खोकला काढून टाकावा लागला. पण ज्यांना वीस-वीस वर्षं खोकला आहे, त्यांचा कुठून काढणार? रेशनच्या रांगेत, किराणा दुकानाच्या ओट्यावर, दहाव्याच्या विधीला त्यांना उबळ आली, की आजूबाजूची माणसं दोन पावलं मागे सरू लागली. ‘जुनं दुखणं आहे हो माझं’ हे वाक्य त्या वर्षी किती म्हाताऱ्यांनी किती वेळा म्हटलं असेल!

राज्यातले पहिले करोनाबाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. दमा आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असलेल्या माणसांवर त्या रात्री दोन दारं लागली. एक घराचं. दुसरं दवाखान्याचं. छातीच्या डॉक्टरांचे नियमित बाह्यरुग्ण विभाग बंद झाले. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची स्पायरोमेट्री जगभर थांबवावी लागली, कारण त्या फुंकरीतूनच विषाणू पसरण्याची भीती. वाफाऱ्याचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, तेही शक्यतो टाळा असं तज्ज्ञ सांगू लागले. आजार फुप्फुसाचा, साथही फुप्फुसाची, आणि फुप्फुस तपासायची हत्यारं मात्र कपाटात.

उरला फोन.

तो कुणाला किती उपयोगी पडणार होता हे समजून घ्यायला पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. याच तालुक्यात हिंजवडी आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कातल्या काचेच्या इमारतींमधून साता समुद्रापलीकडच्या कंपन्यांचं काम चोवीस तास चालतं. आणि याच तालुक्यात, पौड ओलांडून ताम्हिणीकडे निघालं, की मोबाईलवरच्या रेघा एकेक करून गळू लागतात. मुळशी धरणाच्या पाण्याभोवतीच्या वाड्यांमध्ये रेंज ही घरात नसते; ती एखाद्या टेपावर, देवळाच्या मागे, ठरावीक आंब्याखाली ‘येते’. पौड हे तालुक्याचं ठिकाण पुण्यापासून उणंपुरं तीस-पस्तीस किलोमीटर. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे. लवळ्याला सिम्बायोसिसचं मोठं रुग्णालय आहे. ते २०२० मध्ये करोना रुग्णालय झालं. म्हणजे जवळचं मोठं दार होतं, पण तेच दार करोनाचं. धाप लागणाऱ्या म्हाताऱ्याला तिथे न्यावं की नेऊ नये, यावर घरोघर खल झाला नसता तरच नवल.

मुळशीतली धाप येते कुठून, हेही बघायला हवं. शहरी माणूस ‘सीओपीडी’ म्हटलं की विडी-सिगारेट डोळ्यांसमोर आणतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने या समजुतीला धक्का दिला. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूडफाटा, शेणी, पालापाचोळा यांच्या धुरात जगणारे सुमारे ३०० कोटी; तेव्हा सीओपीडीचं जगातलं सर्वांत मोठं कारण कदाचित चूलच असेल, असं त्यांनी मांडलं. आयुष्यभर विडीला हात न लावलेल्या बाईचं फुप्फुस विडी ओढणाऱ्यासारखं का होतं, याचं उत्तर फुंकणीच्या टोकाशी होतं.

मुळशीत चुलीच्या जोडीला राब आहे. भाताचं रोप टाकायच्या आधी, फाल्गुन-चैत्रापासून, वाफ्यावर शेण, झाडांची तोडून वाळवलेली कवळं, गवत, पाचोळा यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वारा बघून पेटवून द्यायचं. तण जळतं, जमीन भाजून निघते, रोप तरारून येतं. आंबेमोहोर आणि इंद्रायणीचा वास ज्यांना आवडतो त्यांनी एकदा राब भाजताना तिथे उभं राहून बघावं. धूर सरळ वर जात नाही. तो खाचरांवरून जमिनीलगत सरकत वस्तीत शिरतो. पुढे पावसाळा. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीला तो सहा हजारांच्या घरात जातो. चार महिने दारं-खिडक्या लावलेल्या, ओली लाकडं धुमसणारी, भिंतींना बुरशी धरलेली घरं. २०२० ची टाळेबंदी नेमकी राबाच्या मोसमात आली आणि साथ वाढत गेली ती आषाढ-श्रावणात. दम्याच्या माणसाचे हे तसेही वाईट महिने.

देशाचा हिशेब ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली छापून आला होता. १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे रुग्ण २ कोटी ८१ लाख होते, २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख. दम्याचे आणखी ३ कोटी ७९ लाख. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांनी हिरावलेल्या आयुष्यात ३२ टक्के. साथ आली तेव्हा ही नऊ कोटींहून अधिक माणसं आधीच दम टाकत होती.

त्यांच्या डॉक्टरांचे हात मात्र बांधलेले होते, आणि तेही महाराष्ट्रातच. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतल्या एका प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. प्रसूतीनंतरच्या रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता फोनवरून उपचार सांगितले गेले होते आणि ती बाई दगावली होती. निदानाशिवाय औषध लिहून देणं हा गुन्हेगारी स्वरूपाचा हलगर्जीपणा ठरू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं. त्या प्रकरणात ते योग्यही असेल. पण त्यानंतर ‘फोनवर काही सांगत नाही, घेऊन या’ हे वाक्य राज्यातल्या डॉक्टरांच्या तोंडी बसलं. काही डॉक्टर आपल्या जुन्या रुग्णांना फोनवर गुपचूप सल्ला देत राहिले, पण ते भलेपणाने, कायद्याच्या आधाराने नव्हे.

टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०. त्याच तारखेची केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वर्षानुवर्षं अडलेली गोष्ट साथीने एका दिवसात उरकली. फोन, व्हिडिओ, अगदी व्हॉट्सअॅपचा संदेशसुद्धा सल्ल्याचं साधन म्हणून मान्य झाला. जुन्या रुग्णाचं चालू औषध पुन्हा लिहून देणं सोपं झालं, आणि त्यात दम्याची औषधंही आली. या कागदातली एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली. रुग्णाने स्वतःच फोन करायला हवा असं त्यात नाही. घरचं माणूस त्याच्या वतीने बोलू शकतं, आणि रुग्णाच्या शेजारी बसलेली परिचारिका किंवा नेमलेला आरोग्य कर्मचारीही डॉक्टरांशी बोलू शकतो. दूरच्या उपचाराला जवळचं माणूस लागतं, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. १३ एप्रिलला ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवाही सुरू झाली. घरबसल्या, फुकट, सरकारी डॉक्टर. मोबाईलवर नाव नोंदवा, टोकन घ्या, व्हिडिओवर या.

आता हे मुळशीच्या पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीतून करून बघा. आधी स्मार्टफोन हवा. तो असतो मुलाकडे, आणि मुलगा पिरंगुटच्या कारखान्यात, नाहीतर टाळेबंदीत घरी बसून शेतावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायका ५४.८ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या ३८ टक्के. ग्रामीण भागात तर २३.७. ही पाहणी पन्नाशीच्या आतल्या बायकांची. चुलीपुढे चाळीस वर्षं काढून धाप लागलेली साठीपुढची आजी या टक्केवारीत मोजलेलीच नाही.

आणि व्हिडिओ लागलाच, तर दिसतं काय? माजघरात उजेड कमी, दार पाठीमागे, त्यामुळे चेहरा काळा आणि मागची चौकट लख्ख. डॉक्टरांना पाहायचे असतात ओठ आणि नखं निळी पडलीत का, मानेचे स्नायू ताणले जातात का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का. या तीन गोष्टींसाठी आजीला उठवून पडवीत आणावं लागतं. पडवीपर्यंत आल्यानेच तिला धाप लागते. मग ती धाप आजाराची की चालण्याची?

जगभरच्या डॉक्टरांना त्या वसंतात हाच प्रश्न पडला होता: फोनवरून धाप मोजायची कशी? रॉथ स्कोअर नावाची एक चाचणी आधीपासून होती. रुग्णाने एका श्वासात, आपल्या मातृभाषेत, एकपासून तीसपर्यंत अंक म्हणायचे. कितीपर्यंत पोचला आणि किती सेकंद टिकला ते मोजायचं. (मराठी माणसावर यात उघड अन्याय. ‘एकोणतीस’ म्हणायला जेवढी हवा लागते तेवढ्यात दुसऱ्या भाषेतले दोन आकडे होतील.) ऑक्सफर्डच्या तृषा ग्रीनहॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरावे तपासून सांगितलं, की या चाचणीवर विसंबू नका, ती खोटा दिलासा देऊ शकते. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा. एक वाक्य न थांबता बोलता येतं का? काल जे जमत होतं ते आज जमत नाही असं काही आहे का? दम आजच वाढला की चार दिवसांपासून वाढत चाललाय?

हे प्रश्न मराठीत आणताना मात्र कान तयार लागतो. गावातली बाई ‘मला श्वास घ्यायला त्रास होतो’ असं पुस्तकी वाक्य सहसा बोलत नाही. ती म्हणते, ‘जीव घाबरा होतो.’ म्हणते, ‘छाती भरलीय’, ‘गळ्यात घुर्र घुर्र करतंय’, ‘रातच्याला उठून बसावं लागतं’. यातल्या शेवटच्या वाक्यावर कुठलाही जाणता डॉक्टर सावध होईल. पहिलं वाक्य नवख्याला भीतीचं वाटेल आणि तो ‘काळजी करू नका’ म्हणून फोन ठेवेल. फोनवरच्या तपासणीत भाषा हाच स्टेथोस्कोप असतो. म्हणून ज्या रुग्णांचा डॉक्टर साथीच्या आधीपासून ओळखीचा होता, त्यांना फोन उपयोगी पडण्याची आशा जास्त होती. ज्याने तुमची साधी धाप ऐकलेली आहे, त्यालाच आजची वेगळी धाप ऐकू येते.

मग आला ऑक्सिमीटर. बोटाला लावायचा तो चिमटा २०२० पर्यंत दवाखान्याबाहेर फारसा कुणी पाहिला नव्हता. जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागचं तत्त्व शोधलं. १८ एप्रिल २०२० रोजी वयाच्या ८४व्या वर्षी ते वारले तेव्हा सारं जग त्यांचं यंत्र बोटाला लावून बसलं होतं. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. गावोगावी पथकं दारात येऊन ताप आणि ऑक्सिजन मोजू लागली, घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, दमा आहे का ते लिहून घेऊ लागली. तोवर चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या खाली आकडा गेला की धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

घोटाळा इथेच होता. सीओपीडीच्या जुन्या रुग्णाचा रोजचा आकडाच नव्वद-एक्याण्णव असू शकतो. त्या पातळीवर तो चहा पितो, अंगणात बसतो, नातवंडांना ओरडतो. अशा काही रुग्णांना तर जास्त ऑक्सिजनही घातक. त्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो, आणि ऑक्सिजन सढळ दिला तर तो आणखी वाढून गुंगी येते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने अशा रुग्णांसाठी लक्ष्य ठेवलंय ८८ ते ९२. म्हणजे शेजारच्या घरात ज्या आकड्याला अॅम्ब्युलन्स बोलवायची, तोच आकडा या घरातला नेहमीचा. हे कळायला एकच गोष्ट लागते: तो माणूस बरा असताना आकडा किती होता. आणि ती कुठेच लिहिलेली नसायची.

शिवाय आकडा खरा हवा. गार पडलेली बोटं, नखांवरची मेंदी किंवा नेलपॉलिश, अर्धवट लावलेला चिमटा, संपत आलेले सेल, कशानेही तो चुकतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष आला. काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्र तो चांगला दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. उन्हात भात लावणाऱ्या सावळ्या बोटांसाठी ही बातमी महत्त्वाची होती. आपल्याकडे तिची चर्चा फारशी झाली नाही.

दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने ‘सहा मिनिटे चालण्याची चाचणी’ घराघरांत पोचवली. ऑक्सिमीटरचा आकडा बघा, तो बोटाला तसाच ठेवून कडक जमिनीवर मध्यम चालीने सहा मिनिटं चाला, पायऱ्या नकोत. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा सुरुवातीपेक्षा तीनहून जास्त घसरला, तर रुग्णालय गाठा. साठीपुढच्यांना तीन मिनिटं पुरेत. फार चांगली चाचणी. काही न वाटणाऱ्या माणसाचा लपलेला धोका ती उघड करते. फक्त त्या सूचनेत खाली एक ओळ होती: दमा असलेल्यांनी आणि बसल्या जागी धाप लागणाऱ्यांनी ही चाचणी करू नये. ओळ बरोबर होती. पण मग त्यांनी काय करावं, ते पुढच्या ओळीत नव्हतं.

औषधांचं म्हणाल, तर पंप (इन्हेलर) आणि त्याबद्दलचे समज दोन्ही साथीच्या आधीचे. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ हे गावात जितकं ऐकू येतं तितकंच कोथरुडातही. साथीत त्यात भर पडली: पंपात स्टेरॉइड असतं, त्याने प्रतिकारशक्ती कमी होते, मग करोना लवकर पकडेल. दम्यावरच्या ‘जिना’ या जागतिक संस्थेने आणि जगभरच्या छातीविकारतज्ज्ञांनी उलट सांगितलं, की चालू पंप अजिबात बंद करू नका. पुढे एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका छोट्या चाचणीत बुडेसोनाइड हेच पंपातलं स्टेरॉइड करोनाच्या सुरुवातीला दिलं, तर रुग्णाला तातडीच्या उपचारांची गरज कमी पडते असं दिसलं. ज्याला लोक घाबरत होते तेच औषध म्हणून तपासलं गेलं. काव्यगत न्याय म्हणावा तर हाच.

नेब्युलायझर नको म्हटल्यावर पर्याय होता पंप आणि स्पेसर. पंपाचा फवारा थेट तोंडात मारला तर बराचसा घशात आपटतो. मध्ये एक पोकळ नळकांडं असलं की औषध त्यात तरंगतं आणि चार-पाच श्वासांत सावकाश आत जातं. विकतचा स्पेसर गावच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या हेदर झार यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं होतं, की अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली विकतच्या स्पेसरइतकंच काम करते. कोल्ड्रिंकची बाटली स्वच्छ धुऊन वाळवायची. तार तापवून तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडायचं. पंप त्यात घट्ट बसला पाहिजे. फट राहिली तर डिंक किंवा चिकटपट्टी. बाटलीचं तोंड रुग्णाच्या तोंडात. फवारा एक, श्वास चार-पाच. हे फोनवर शिकवता येतं. व्हिडिओ असेल तर उत्तमच, कारण बहुतेकांची चूक नेमकी दिसते: पंप न हलवता दाबतात, फवारा मारून झाल्यावर उशिरा श्वास घेतात, आणि औषध नाकातून धुरासारखं बाहेर येतं.

श्वसनाच्या जुनाट आजारात औषधाइतकीच कामाची एक गोष्ट आपल्याकडे जवळजवळ नाहीच: पल्मनरी रिहॅबिलिटेशन. व्यायाम, श्वासाचे प्रकार, खाणं, भीती घालवणं, यांचा सहा-आठ आठवड्यांचा कार्यक्रम. पुणे परिसराचं या विषयाशी नातं जुनं आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशन लेस्टर विद्यापीठाच्या ‘ग्लोबल रिचार्ज’ गटात होतं. शिरूरच्या बाजूला वढूत अनेक वर्षं काम करणारं केईएम रुग्णालय संशोधन केंद्र एडिंबराच्या ‘रेस्पायर’ प्रकल्पात होतं. गरीब देशांतल्या रुग्णाला, त्याच्या घरातल्या साधनांनी, हे कसं करता येईल हा त्यांच्या कामातला एक प्रश्न. साथीने तो प्रश्न लंडन-सिडनीपर्यंत नेला, कारण तिथलीही केंद्रं बंद पडली.

घरच्या घरी काय करता येतं? हात नसलेल्या खुर्चीवरून एका मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या हे वजन. ओठांचा चंबू करून, फुंकणी फुंकावी तसा सावकाश श्वास सोडा. (आयुष्यभर फुंकणीने आजार दिला, आता तीच फुंकर उपायाला.) जानेवारी २०२१ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने पंधरा अभ्यास एकत्र करून सांगितलं, की फोन किंवा व्हिडिओवरून दिलेलं रिहॅबिलिटेशन केंद्रात जाऊन घेतलेल्याच्या तोडीचं असतं. आणि गंमत म्हणजे ते पुरं करणारे ९३ टक्के होते. केंद्रात येणारे ७० टक्केच टिकले. प्रवासच करावा लागत नाही ना! ताम्हिणीच्या अलीकडून पुण्याला दोन एसट्या बदलून येणाऱ्या माणसाला हे कॉक्रेनने सांगायची गरज नव्हती. पण हे अभ्यास बहुतांशी सधन देशांतले, आणि तिथे आठवड्यातून ठरल्या वेळी पलीकडून कुणीतरी फोन करत होतं.

इथे विजेचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि घाट चढून मुळशी-मावळातून पुढे गेलं. खांब पडले, तारा तुटल्या, वाड्या अंधारात गेल्या. घरी ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णाचं यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, तीनशे-चारशे वॅटचं, चोवीस तास विजेवर चालणारं. वीज गेली की यंत्र म्हणजे नुसती पेटी. मोबाईल टॉवरची बॅटरी संपली की फोनही मुका. याच तालुक्यातल्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडून टाटांची वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ते हेच. शंभर वर्षांनी त्याच खोऱ्यातली वाडी दिवा लागण्याची वाट बघत बसली होती. दूरच्या उपचाराचा पाया फोन आहे असं आपण समजतो. खरा पाया तार आहे.

या सगळ्या खटाटोपात एका माणसाचं नाव कागदावर खाली असतं: आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. कुठल्या घरात कोण रात्री उठून बसतं, कुणाचा पंप संपलाय, कुणाचा मुलगा शहरातून परत आलाय, हे तिला विचारावं लागत नाही. साथीत तिने दारोदार ऑक्सिजन मोजला, बाधितांच्या याद्या केल्या, शिव्याही खाल्ल्या. जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभरच्या आशांना संप करावा लागला. केंद्राच्या नियमांत जो ‘रुग्णाशेजारचा आरोग्य कर्मचारी’ आहे, तो मुळशीच्या वाडीत तिच्याशिवाय दुसरा कोण असणार? तिच्या हातात ऑक्सिमीटर होता. दुसऱ्या टोकाला छातीच्या आजाराचा, तिला नावाने ओळखणारा, ठरल्या वारी फोन उचलणारा डॉक्टर मात्र सगळ्या तालुक्याला नव्हता. टेलिमेडिसिन यशस्वी झालं की फसलं, या वादात न पडता एवढं म्हणता येईल, की तंत्राचं एक टोक बसवलं गेलं आणि दुसरं राहिलं.

साथीने एक अनपेक्षित धडाही दिला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पहिल्या टाळेबंदीत सीओपीडीच्या रुग्णांनी तातडीने दाखल होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. काही जण भीतीने घरी राहिले हे खरं, पण मास्क, कमी धूर, कमी सर्दी-पडसं यांचाही त्यात वाटा असणार. आपल्याकडे त्याच काळात उज्ज्वला योजनेतल्या घरांना गॅसचे तीन सिलिंडर मोफत मिळाले. ते संपल्यावर चूल पुन्हा पेटली.

जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, नेब्युलायझर यांच्या विक्रीतला नफा सरकारने ७० टक्क्यांवर बांधला. तोवर लाट ओसरली होती आणि दुप्पट-तिप्पट भावाने घेतलेले चिमटे कपाटात गेले होते. ते अजून तिथेच आहेत.

दिवाळीच्या निमित्ताने दोन गोष्टी. पहिली मुलांसाठी. चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये सहा फटाक्यांचा धूर मोजला. आवाज न करणारी, गरीब दिसणारी नागगोळी सगळ्यांत वाईट निघाली: सूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत, हजाराच्या लडीपेक्षाही जास्त. शेजारी कुणी पंप घेत असेल तर ती दुकानातच राहू द्या.

दुसरी मोठ्यांसाठी. दिवाळीच्या आवराआवरीत तो ऑक्सिमीटर सापडेल. आधी त्यातले सेल काढा. ते पाझरले असतील तर यंत्र गेलं. चालत असेल आणि घरात गरज नसेल, तर गावाकडच्या आशाताईंकडे नेऊन द्या. घरात धापेचं माणूस असेल तर मात्र देऊ नका. तो माणूस बरा असेल त्या दिवशी, हात उबदार करून, पाच मिनिटं स्वस्थ बसवून, त्याचा आकडा बघा आणि डबीवर पेनाने लिहून ठेवा. शेजारी तारीखही घाला.